साहेब येणार म्हणून सोडलेली तार

मित्रांनो, मी तार आहे. विजेची नव्हे, हे आधीच सांगून टाकते. विजेच्या तारेला सगळे वचकून असतात. मला तो मान कधी मिळाला नाही. मी आहे कपडे वाळत घालायची तार. लोक माझ्या अंगावर ओले टॉवेल टाकतात, चादरी पसरतात, मोजे लटकवतात, आणि पावसाचे चार थेंब पडले की माझ्यावरचं सगळं ओरबाडून घेऊन मला एकटीला भिजत ठेवून आत पळतात. तरी मी कुणावर डूख धरला नाही. थोडी ताठ आहे मी, पण सैल तारेचा कुणाला काय उपयोग?

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे जाड सळईला एकापेक्षा एक बारीक भोकांतून ओढून काढतात. ते किती दुखतं हे सांगत बसत नाही. मग गंज चढू नये म्हणून मला वितळलेल्या जस्तात बुचकळून काढलं, वेटोळं केलं आणि हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या डब्याशेजारी टांगलं. माझ्याबरोबरच्या बहुतेक तारा कुंपणाला गेल्या. कुंपणाला जायचं म्हणजे जन्मभर लोकांना अडवत उभं राहायचं. मला ते नको होतं. आपल्याकडे लोकांनी यावं, आपल्याशी त्यांचं रोज काहीतरी काम असावं, असं मला फार वाटायचं.

एके दिवशी दुकानात एक वेल्डर आला. ठिणग्या उडून उडून त्याच्या शर्टाची चाळणी झाली होती. त्याने मला हातात घेतलं, वाकवून पाहिलं आणि सोडलं. मी टणकन सरळ झाले.

"ही चालेल," तो म्हणाला. "पण लांब द्या, मध्ये जोड नको. बायकोने डोकं खाल्लंय. लग्न होऊन महिना झाला, कपडे अजून खिडकीच्या गजांना वाळतायत."

"दोघांच्या कपड्यांना एवढी लांब कशाला?" दुकानदाराने विचारलं.

"शेजारी आहेत ना. त्यांनी काय डोक्यावर वाळवायचे?"

त्या क्षणी हा माणूस मला आवडला. मी त्याला अजूनही अरेतुरेच करते, कारण त्याच्याच हातून मी उभी राहिले. आपल्या माणसाला कोण अहो-जाहो करतं?

त्याचं घर तळमजला आणि वर एकच मजला अशा एका इमारतीत होतं. वर उतरते पत्रे, त्यामुळे गच्ची कुणालाच नाही. खोल्या दोन-दोन, खिडक्या अरुंद. पण इमारतीच्या मागे हे एवढं मोठं मोकळं अंगण! खरं म्हणजे ते अंगण नव्हतंच. बंद पडलेल्या एका बर्फाच्या कारखान्याची ती मागची जागा. कारखाना पाडला, मालक दूर कुठेतरी राहायला गेला आणि जागा तशीच पडून राहिली. मग इमारतीतल्या लोकांनी तिथला राडारोडा उचलला, गवत काढलं, कुणी कपडे धुवायला सपाट दगड आणून बसवला, आणि बघता बघता त्या जागेचं 'मागचं अंगण' झालं. ते कागदावर कुणाचं आहे, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

वेल्डरने जुन्या पाण्याच्या पाइपांचे दोन खांब केले, सिमेंटमध्ये पक्के बसवले आणि त्यांच्यामध्ये मला ताणलं. एका टोकाला त्याने पिळायची कडी केली होती. मी सैल पडले की कडीला पीळ द्यायचा, की मी पुन्हा ताठ. चादरींच्या दिवशी मध्ये टेकू द्यायला टोकाला खाच पाडलेला एक बांबूही होता. सगळं झाल्यावर त्याने मला बोटाने छेडलं आणि बायकोला हाक मारली, "ये, तुझी इस्टेट तयार आहे."

तिला सगळे वहिनी म्हणत. वहिनी आल्या, त्यांनी ओल्या फडक्याने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलं आणि मगच पहिला कपडा टाकला. तो त्याचाच भोकाभोकांचा शर्ट होता. पुढे इतकी वर्षं गेली, पण मला पुसल्याशिवाय वहिनींनी माझ्यावर कधी रुमालसुद्धा टाकला नाही. एवढं तर माणसं माणसांचंही करत नाहीत.

ते दिवस आठवले की अजून माझा जीव कासावीस होतो. सकाळी ऊन अंगणात उतरायचं ते दुपार कलेपर्यंत हलायचं नाही. वारा मोकळा. खांबाजवळची जागा नर्सताईंची. त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, दवाखान्यात कामाला होत्या, आणि त्यांचे पांढरे गणवेश असे वाळायचे की बघणाऱ्याने डोळे बारीक करावेत. रंगीत कपडे भिंतीच्या सावलीकडे, जाड कपडे मध्ये. कुणी नेमून दिलेलं नव्हतं, पण कुणाचा टॉवेल दुसऱ्याच्या जागेवर गेला की दोन दिवस धुसफूस चालायची. माझ्यावरून झालेली भांडणं सांगायला बसले तर तुमची परीक्षा येऊन जाईल.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरीकाका मात्र और होते. टापटिपीचा माणूस. नोटीस लावायची तर चारही कोपऱ्यांना टाचणी. ते आपले बनियन टॉवेलच्या आत लपवून वाळत घालायचे, कुणाला दिसू नयेत म्हणून. त्यामुळे ते कधी धड वाळायचेच नाहीत. वहिनी गालातल्या गालात हसायच्या आणि काका आत गेले की टॉवेल हळूच बाजूला सारायच्या.

वहिनींना माझ्यावरून सगळ्या घरांची खबर लागायची. कुणाकडे पाहुणा आला, कुणाला नवी नोकरी लागली, कुणाचं बाळ आजारी आहे, हे त्या कपडे पाहून ओळखायच्या. ओल्या चादरीआड उभ्या राहून बायका एकमेकींना जे सांगत, ते घरात कधी सांगत नसत. हसायच्या तिथेच, डोळे पुसायच्या तिथेच. मी सगळं ऐकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मग एका हिवाळ्यात वेल्डर आजारी पडला आणि त्यातून उठला नाही. शेवटचा धुतलेला शर्ट माझ्यावर होता. तो वाळला, पुन्हा दवाने भिजला, पुन्हा वाळला, तरी वहिनी काढायला आल्या नाहीत. त्या भोकांतून ऊन खाली जमिनीवर पडायचं. बाकीच्या बायका आपले कपडे त्याच्या दोन्ही बाजूंना सरकवून घालायच्या. एके दिवशी वहिनी आल्या, शर्ट काढला, माझी कडी स्वतःच्या हाताने पिळली आणि म्हणाल्या, "आता हे मलाच करायला हवं." मला रडता येत नाही, हे त्या दिवशी माझ्या पुरतं लक्षात आलं.

अशीच आणखी वर्षं सरली. माझं जस्त जागोजागी उडालं, सेक्रेटरीकाका नोकरीतून निवृत्त झाले, नर्सताईंचे केस पांढरे झाले. आणि एका सकाळी अंगणाच्या कडेला एक मोठा फलक उभा राहिला. फलकावर उंच इमारतीचं चित्र. चित्रात हिरवीगार झाडं, पांढरे ढग, हसरी माणसं. कपडे मात्र एकाही खिडकीत नाहीत. इतकी माणसं राहणार आणि एकाचाही टॉवेल ओला नाही, याचं मला नवल वाटलं.

मालकाच्या मुलांनी जागा विकली होती. तिथे घरं होणार होती.

अंगणात सभा भरली. ती माझ्याच खाली, दोन चादरींच्या मध्ये, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला. एकाला पाण्याची काळजी, आधीच नळाची धार करंगळीएवढी. दुसऱ्याला गाड्या कुठे लावणार याची. तिसरा म्हणाला, धुळीने आमचे दमेकरी मरतील. नर्सताई म्हणाल्या की रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोपायचं कसं, ठोकाठोक वर्ष-दीड वर्ष चालणार. नगरपालिकेकडे तक्रार द्यायची म्हणून सेक्रेटरीकाका सगळं लिहून घेत होते.

"आणि ऊन?" वहिनी म्हणाल्या. "एवढी उंच इमारत इथे आली तर आपल्याकडे ऊन यायचंच नाही. कपडे वाळायचे कसे?"

"वहिनी, मुद्दे जरा वजनदार हवेत," काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "कपडे वाळत नाहीत म्हणून इमारत बांधू नका, असं साहेबांसमोर म्हणायचं? हसतील आपल्याला."

दोघे-तिघे हसलेही. मित्रांनो, माझं त्या होणाऱ्या घरांशी वैर नव्हतं. माणसांना घरं हवीतच. पण हसण्यासारखं त्यात काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

तक्रार गेली. काही दिवसांनी उत्तर आलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. अधिकारी म्हणत होते, तुम्ही इतकी वर्षं ही जागा वापरता, तर आम्ही स्वतः येऊन पाहतो. वापर खरा असेल तर इमारत मागे सरकवायला सांगू, निम्मं अंगण तुमच्याकडे राहील. निम्मं! निम्म्यात माझे दोन्ही खांब येत होते. निम्म्यात सकाळचं ऊन येत होतं. वहिनींनी त्या दिवशी मला दोनदा पुसलं.

मग सेक्रेटरीकाकांनी तयारी हातात घेतली. अंगण झाडलं, धुतलं. कपडे धुवायचा दगड सतरंजीखाली झाकला. घराघरांतून बऱ्यातल्या बऱ्या खुर्च्या आल्या, टेबलावर कोरं कापड आलं, खांबांना कुंड्या टांगल्या.

"उद्या कुणी कपडे घालायचे नाहीत हं," काकांनी बजावलं. "साहेब येणार. त्यांच्या तोंडासमोर आपली अंतर्वस्त्रं लोंबकळायला नकोत. नीटनेटकी माणसं राहतात इथे, असं दिसलं पाहिजे."

"बरोबर आहे," नर्सताई म्हणाल्या. "पहिल्यांदाच येतायत."

"आणि तार?" वहिनींनी विचारलं.

"तीही सोडा. गंजलेली आहे. शिवाय विचारलं, हे कशाला, तर काय सांगणार? बनियन वाळवतो?"

सगळे हसले. वहिनीही हसल्या. कुणी मोठं माणूस घरी येणार म्हटलं की आपण नाही का बाहेरचं अंथरूण आत टाकत, पायपुसणं बदलत, तसंच हे त्यांना वाटलं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

वहिनींनी स्वतःच्या हाताने माझी कडी उलटी फिरवली. ताण गेला तशी मी जमिनीला टेकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे," त्या पुटपुटल्या, माझं वेटोळं केलं आणि जिन्याखालच्या खिळ्याला मला अडकवलं. तिथल्या जाळीतून अंगण दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. एक बाई होत्या, बरोबर एक तरुण. ऊन लखलखीत पडलं होतं, वारा सुटला होता, आणि अंगणात एक कपडा नव्हता. कपडे वाळवण्यासारखा तो दिवस! चहा झाला, बिस्किटं झाली. काका पाण्याबद्दल बोलले, गाड्यांबद्दल बोलले, फार मुद्देसूद बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या अंगणभर फिरल्या, कुंड्या पाहिल्या, मग थेट वहिनींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही इथे काय करता, आजी?"

मी जाळीआडून पाहत होते. वहिनींचे हात, पाण्यात राहून राहून सुरकुतलेले, पदराखाली गेले. त्यांनी एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

"बसतो आम्ही," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी. गप्पा मारतो."

"आणखी काही?"

वहिनी, सांगा ना! मी आतून ओरडत होते. सांगा, की रोज सकाळी तुम्ही तार पुसता. सांगा, की हे खांब कुणी उभे केले. सांगा, की सगळ्या इमारतीचे कपडे इथे वाळतात, आणि दुसरीकडे कुठे वाळायला जागा नाही. बाई थांबल्या होत्या. घाईत नव्हत्या. एक वाक्य पुरलं असतं.

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "तेवढंच."

अधिकारी गेल्यावर सगळे खूश. छाप पडली, असं काका दहा वेळा म्हणाले. बाईंनी जाता जाता जागेचं कौतुक केलं होतं ना! वहिनींनी मला पुन्हा खांबांना ताणलं, आणि निकाल येईपर्यंतचे दोन महिने मी मोठ्या आशेने काढले.

निकाल लागला त्या दिवशी नर्सताई आणि काका कचेरीतून परत आले ते सरळ अंगणातच. वहिनी चादरी घालत होत्या. चिमटा तोंडात धरून त्या तशाच वळल्या.

"त्या बाई म्हणाल्या," नर्सताई सांगू लागल्या, "की इतकी स्वच्छ, इतकी मोकळी जागा आम्ही कुठे पाहिली नाही. तिथे काहीच नव्हतं. लोक संध्याकाळी बसतात, एवढाच वापर."

"मग?" वहिनींनी चिमटा हातात घेऊन विचारलं.

"बसायला आपल्या इमारतीपुढे दोन बाकं देणार आहेत. जागा मात्र पूर्ण बांधणाऱ्यांची."

"बाकं चांगली लोखंडी आहेत," काका म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं. चादरीचं टोक हातात घेऊन वहिनी उभ्या होत्या. काका म्हणाले, "चुकलंच आपलं." वहिनींनी चादर माझ्यावर टाकली आणि तिला चिमटा लावला.

पुढचं सांगायला फार नाही. खांब कापले गेले. ते काम करायला एक दुसराच वेल्डर आला होता, त्याने पाइपाचा जोड पाहिला आणि "कुणी केलंय हे? पक्कं काम आहे," असं म्हणून मग कापला. मला वहिनींनी जिन्याखाली नेऊन टांगलं. जाळीतून मी इमारत वाढताना पाहिली. प्रत्येक मजल्यागणिक ऊन थोडं थोडं उशिरा यायला लागलं, मग कडेकडेने जायला लागलं, आणि एक दिवस आलंच नाही.

आता घराघरांत पंख्याखाली कपडे वाळतात. वाळतात म्हणायचं आपलं. नर्सताई दमट गणवेशावरच इस्त्री फिरवतात, त्याला कुबट वास येतो. बायका चादरी धुवायच्या टाळतात. आणि एकमेकींशी बोलायला त्यांना आता निमित्तच उरलेलं नाही. जिन्याखालच्या अंधारात मी पडून असायचे, आणि ओल्या चादरीचं वजन अंगावर यावं म्हणून झुरायचे. हसू नका. ज्याला ओझं म्हणतात त्याची अशी आस लागते, हे मलाही आधी ठाऊक नव्हतं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. जिन्याच्या दारातून दिसणाऱ्या पुढच्या बाकांवर सकाळी थोडा वेळ ऊन येतं, दोन भिंतींच्या फटीतून, एका चादरीच्या रुंदीचं. तिथे वहिनी बसल्या होत्या, पलीकडच्या बाकावर काका. नव्या इमारतीतून एक तरुण मुलगी आली. हातात बादली, बादलीत पिळलेली झबली आणि दुपटी. खालच्या मजल्यावर राहायला आलेली, नुकतीच बाळंत झालेली.

"काकू, आमच्याकडे वाळतच नाही हो काही," ती म्हणाली. "बाळाला सारखी सर्दी. इथे ऊन कुठे येतं?"

वहिनींनी मान वर करून त्या उंच इमारतीकडे पाहिलं.

"तुम्ही राहता ना, तिथेच यायचं," त्या म्हणाल्या.

मुलीचा चेहरा एवढासा झाला. ती बादली घेऊन वळली. तेव्हा वहिनी उठल्या, तिच्या हातातली बादली काढून घेतली आणि म्हणाल्या, "थांब गं. तुझा काय दोष त्यात?" त्या जिन्याखाली आल्या. मला खिळ्यावरून काढलं, पदराने पुसलं, आणि खिडकीच्या गजापासून रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत ताणून बांधलं. कडी नव्हती, गाठच मारली.

"वहिनी, इथे? अगदी दर्शनी भागात?" काका चाचरत म्हणाले. "येणारे-जाणारे बघतील."

"बघू देत. ओले कपडे आहेत, चोरीचे नाहीत."

थोड्या वेळाने काकांच्या लक्षात आलं की त्यांची सावली झबल्यांवर पडते आहे. ते बाकावरून उठले आणि पलीकडे भिंतीला टेकून उभे राहिले.

मित्रांनो, झबल्यांना वजन असं काही नसतं. तरी मला केवढा आनंद झाला! आता रोज सकाळी त्या एवढ्याशा उन्हात दोन्ही इमारतींचे कपडे पाळीपाळीने येतात, आणि पाळीवरून भांडणंही सुरू झाली आहेत. पण मागच्या अंगणातलं ऊन मला विसरता येत नाही. तुमचं माझ्यासारखं काही जुनं, गंजकं, पण रोज हाताला लागणारं असेल, तर त्याला जपा. नुसतं पुसून, तेल घालून जपा असं नाही म्हणत मी. कुणी मोठं माणूस आलं म्हणून त्याला लपवू नका. ते कशाला लागतं असं विचारलं, तर लाजू नका, सांगा.

त्या अधिकारी बाईंनी पुन्हा एकदा यावं आणि वहिनींना तेच विचारावं, असं मला फार वाटतं. इथे काय करता, आजी? वहिनी आता काय सांगतील ते मला ठाऊक आहे. पण विचारायला कुणी येत नाही.